सर्टिफिकेट भिंतीवर, बॅकअप कुठाय?

फायनल इयरचं सबमिशन जवळ आलं की कॅम्पसवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "भावा, ओरॅकल करू की मायक्रोसॉफ्ट?" विचारणारे बीसीएस, बीसीए, एमसीए, इंजिनीअरिंग असे सगळीकडचे असतात. उत्तर देणाराही तयारच असतो. त्याच्या ओळखीत पुण्याला कुणीतरी 'डीबीए' असतो, त्यानं कुठलंतरी सर्टिफिकेट केलेलं असतं आणि आता त्याचं 'सेट' झालेलं असतं. झालं! कुठल्या क्लासला जायचं एवढंच मग ठरवायचं राहतं.

हा प्रश्न का पडतो तेही कळतं. कोडिंगच्या नोकऱ्यांचं काही खरं नाही, असं रोज कानावर येतंय. कोड एआय लिहितंय, कंपन्या माणसं कमी करतायत. अशा वेळी वाटतं, ॲप येतील-जातील, पण डेटा कुठं जाणार? तो सांभाळणारा माणूस तर लागणारच. म्हणजे डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर हे सेफ करिअर. आणि सेफ करिअरचं तिकीट म्हणजे सर्टिफिकेट.

मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे. सर्व्हर रूममध्ये माझं काही काम नाही. पण रूम पार्टनर कॉम्प्युटरवाल्या असल्या की जेवताना भाकरीपेक्षा जास्त चर्चा कोर्सच्या फीची होते. त्या चर्चा ऐकून, जाहिराती आणि कंपन्यांनी स्वतः छापलेली माहिती वाचून माझं एक मत झालंय. ते पटलं नाही तर जरूर भांडा, पण फी भरायच्या आधी वाचा : सर्टिफिकेट वाईट नाही, आपला क्रम उलटा आहे. आपण कागद आधी घेतो आणि काम नंतर शिकू म्हणतो. या क्षेत्रात तो क्रम चालत नाही.

डीबीए म्हणजे नक्की कोण?

गावातली दूध संस्था डोळ्यांसमोर आणा. सकाळी कॅन येतो. किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती हे मोजलं जातं, नोंद होते, पावती हातात पडते. त्या नोंदींवरून दूधबिल निघतं. साखर कारखान्याचंही तसंच. उसाची नोंद, तोडीचा क्रम, वजनकाट्यावरची पावती, मग ऊसबिल. यातला एक आकडा जरी इकडचा तिकडं झाला, तरी कुणाच्या तरी घरातले पैसे कमी होतात.

या सगळ्या नोंदी जिथं राहतात तो डेटाबेस, आणि त्याची राखण करणारा तो डीबीए. त्याची कामं ढोबळमानानं चार. एक, नोंदींची दुसरी प्रत ठेवणं आणि वेळ आली की ती परत उभी करणं. दोन, कुणी काय बघायचं आणि कुणी काय बदलायचं हे ठरवणं. तीन, बिलाच्या दिवशी सगळे एकदम तुटून पडले तरी यंत्रणा कासवासारखी चालू नये हे पाहणं. चार, जुनी आवृत्ती बंद करून नवी चालू करताना एकही नोंद न हरवणं.

गावात पाणी सोडणाऱ्या माणसासारखं हे काम आहे. नळाला पाणी आलं तर त्याची आठवण कुणी काढत नाही. नाही आलं की सगळं गाव त्याच्या दारात. डीबीएची परीक्षाही अशी वाईट दिवशीच असते. आणि त्या दिवशी चार पर्याय देऊन 'योग्य तो निवडा' असं कुणी म्हणत नाही.

३१ जानेवारीची रात्र

गिटलॅब हे नाव कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड तिथं ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक इंजिनीअर डेटाबेसची एक अडचण सोडवत बसला होता. दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक जोडीचा. जोडीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसून त्याला नव्यानं भरायचं होतं. पुसायची कमांड त्यानं दिली, पण ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ती थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

बरं, बॅकअप होता का? कागदावर होता. एक नव्हे, पाच तऱ्हेच्या सोयी होत्या. प्रत्यक्षात बघितलं तर रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नव्हती, म्हणून तो गुपचूप फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेल जायला हवे होते, ते मध्येच अडवले जात होते. म्हणजे घरफोडी झाली तेव्हा कळलं की कुलूप लावलेलंच नव्हतं आणि कुत्राही बांधून ठेवला होता.

शेवटी सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतली माहिती मात्र गेली. कंपनीनं हे सगळं लपवलं नाही. काय चुकलं, का चुकलं, हे सविस्तर लिहून जाहीर केलं. ते लिखाण आजही वाचता येतं. डीबीए व्हायचं असेल तर कुठल्याही क्लासच्या माहितीपत्रकाआधी ते वाचा.

त्या टीममध्ये अडाणी माणसं नव्हती. बॅकअप म्हणजे काय हे त्यांना माहीत होतंच. पण 'बॅकअप घेतलाय' आणि 'बॅकअपवरून परत उभं करून बघितलंय' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्या वाक्याचं उत्तर परीक्षेत लिहिता येतं. दुसऱ्यासाठी हात चालवावा लागतो.

आपल्याला तर हा धडा पंचगंगेनंच दिलाय. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागातल्या तळमजल्यांचं काय झालं हे तुम्ही बघितलंय. २०१९ ला हायवे बंद पडून शहर कित्येक दिवस अडकून पडलं होतं. आता विचार करा, एखाद्या ऑफिसचा सर्व्हर तळमजल्यावर आहे आणि बॅकअपची हार्ड डिस्क शेजारच्या कपाटात. पूर आला तर दोन्ही एकाच पाण्यात. म्हणूनच या धंद्यात ३-२-१ असा नियम सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या भाषेत, एक प्रत पन्हाळ्यावर!

कागद म्हातारा होतो

आता सर्टिफिकेटकडं येऊ. 'एकदा केलं की आयुष्यभराचं काम झालं' हा समज आधी काढून टाका.

मायक्रोसॉफ्टची एमसीएसए आणि एमसीएसई ही सर्टिफिकेट एकेकाळी रिझ्युमेवर मिरवली जायची. ३१ जानेवारी २०२१ ला कंपनीनं त्यांच्या परीक्षा बंद केल्या. एसक्यूएल सर्व्हरचं जुनं ॲडमिनिस्ट्रेशनचं सर्टिफिकेटही त्यातच गेलं. आज त्या जागी डीपी-३०० ही परीक्षा आहे आणि तिचा रोख अझूर या क्लाऊडवर आहे. ते सर्टिफिकेट वर्षभर चालतं, मग ऑनलाइन चाचणी देऊन नूतनीकरण करावं लागतं. ही चाचणी मोफत असते, एवढं बरं.

ॲमेझॉननं २०२० मध्ये खास डेटाबेससाठी एक 'स्पेशालिटी' परीक्षा काढली. एप्रिल २०२४ मध्ये ती बंदही केली. चारच वर्षं! तुमची पदवी पूर्ण होते तेवढ्यात एक सर्टिफिकेट जन्माला येऊन निवृत्तही झालं.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलची कल्पना मांडणारा निबंध १९७० मध्ये लिहिला. एसक्यूएल भाषेचा पहिला अवतार १९७४ चा. आपल्यातल्या बहुतेकांचे आईवडील तेव्हा पाळण्यात होते किंवा जन्मलेच नव्हते. तरी आजही तुम्ही जॉइन, इंडेक्स आणि ट्रान्झॅक्शनच शिकताय ना? पन्नास वर्षांत कंपन्या बदलल्या, मालक बदलले. मायएसक्यूएल आधी सनकडं गेलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडं. पण आतलं लॉजिक टिकलं.

म्हणजे स्थिर काय आहे? कागदावरचा लोगो नक्कीच नाही. डेटा कसा मांडायचा, क्वेरी हळू का चालते, दोन माणसांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर काय होतं, पडलेली यंत्रणा कशी उभी करायची, हे सगळं टिकाऊ आहे. ते एकदा अंगात मुरलं की ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाणं म्हणजे स्प्लेंडर सोडून बुलेट घेण्यासारखं. पहिले दोन दिवस हात अडखळतो, पण गाडी चालवायला नव्यानं शिकावं लागत नाही.

मग घ्यायचं की नाही?

घ्यायचं. पण वेळ आल्यावर, आणि बघून.

आधी दुसरी बाजू ऐकू, कारण ती खोटी नाही. "सर्टिफिकेट नसेल तर एचआर रिझ्युमे उघडतच नाही," असं पोरं सांगतात. काही ठिकाणी हे खरं असतं. सर्व्हिस देणाऱ्या कंपन्यांना मोठ्या ब्रँडचा 'पार्टनर' दर्जा टिकवायला सर्टिफाइड माणसांची संख्या दाखवावी लागते. त्यांना तो कागद खरोखर हवा असतो. पण त्यातच एक गंमत आहे. कंपनीला गरज असेल तर बऱ्याचदा ती नोकरीत असलेल्या माणसाची परीक्षा फी स्वतः भरते. मग घरची एफडी मोडून आपण आधीच कशाला भरायची?

निवड करताना एवढं लक्षात ठेवा.

ओरॅकल : मोठ्या बँका, मोठे उद्योग, सरकारी यंत्रणा इथं याचा वावर जास्त. १९सी या आवृत्तीचं 'ओसीपी' मिळवायला ०८२ आणि ०८३ असे दोन पेपर. दोन पेपर म्हणजे फीसुद्धा दोनदा आणि नापास झालात तर पुन्हा. अभ्यास खोल आहे, त्यामुळं ओरॅकलवर काम करत असताना केला तर सोनं. नुसतं पाठ करून केला तर सहा महिन्यांत विसरायला होतं.

मायक्रोसॉफ्ट : डीपी-९०० ही ओळखपरेड आहे. ती पास होऊन 'मी डीबीए' असं सांगू नका, मुलाखत घेणारा हसेल. डीपी-३०० ही खरी ॲडमिनिस्ट्रेटरची परीक्षा. तिचं शिकायचं साहित्य कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

पोस्टग्रेसएसक्यूएल आणि मायएसक्यूएल : दोन्ही लॅपटॉपवर फुकट उतरवता येतात. पोस्टग्रेस बनवणाऱ्या समूहाचं स्वतःचं अधिकृत सर्टिफिकेट नाही. ईडीबीसारख्या कंपन्या आपापलं देतात. मायएसक्यूएलचं ओरॅकल देतं. त्यामुळं इथं तुम्ही काय करून दाखवता यालाच जास्त वजन.

आणि एक टिप : ओरॅकलनं आपल्या क्लाऊडच्या काही परीक्षा अधूनमधून ठरावीक काळापुरत्या मोफत दिल्या आहेत. अधिकृत संकेतस्थळावर लक्ष ठेवा. फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या आकड्यावर विसंबू नका.

ठरवायचं कसं? आधी नोकरीच्या वीस जाहिराती वाचा. कोल्हापूर, पुणे, बंगळूर, जिथं जायची तयारी असेल तिथल्या. कुठला डेटाबेस किती वेळा मागितलाय, अनुभव किती मागितलाय, सर्टिफिकेट 'आवश्यक' म्हटलंय की 'असल्यास प्राधान्य', हे वहीत रेघा मारून मोजा. एका रविवारचं काम आहे. त्या वहीतून मिळणारं उत्तर कुणाच्याही चुलतभावाच्या सल्ल्यापेक्षा खरं असेल.

फी भरण्याआधी विचारा

राजारामपुरीतल्या गल्ल्यांतून फिरलं की क्लासचे बोर्ड दिसतात. चांगलं शिकवणारे आहेतच. पण '१०० टक्के प्लेसमेंट' या शब्दांवर भुलून घरात सोनेतारणाची भाषा सुरू होणार असेल, तर काउन्सेलरला हे प्रश्न विचाराच.

कुठली आवृत्ती शिकवणार आणि तिची परीक्षा आज चालू आहे का? बंद झालेल्या परीक्षेचं नाव माहितीपत्रकात असेल तर तिथूनच रामराम.

परीक्षेची फी कोर्सच्या फीमध्ये धरली आहे की वेगळी? पहिल्यांदा नापास झालो तर?

मला मोडतोड करायला स्वतंत्र सर्व्हर मिळणार का? की सर प्रोजेक्टरवर करणार आणि आम्ही बघणार?

प्लेसमेंट म्हणजे कुठलं पद, कुठलं गाव, किती पगार? हे लेखी देणार का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'आमच्याकडं प्रश्नच मिळतात' असं कुणी हळूच सांगितलं तर उठा आणि बाहेर पडा. फुटलेले प्रश्न पाठ करून दिलेली परीक्षा नियमात बसत नाही, सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. शिवाय पहिल्याच मुलाखतीत 'काल रात्री टेबल उडालं, आता काय कराल?' असं विचारल्यावर तोंडाला फेस येतो. लाल माती अंगाला न लावता पैलवान म्हणवून घेण्यासारखं आहे ते. आणि कोल्हापुरात तरी ते शोभत नाही.

घरच्या घरी पूर आणा

"मग अनुभव आणायचा कुठून? अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही!" बरोबर आहे. पण डेटाबेस हे असं क्षेत्र आहे, जिथं संकट घरी तयार करता येतं. साध्या लॅपटॉपवर, फुकट.

पोस्टग्रेस उतरवा. एका काल्पनिक दूध संस्थेचा डेटाबेस बनवा. सभासद, रोजचं संकलन, फॅटनुसार दर, बिलं. सभासदांची नावं खोटी टाका, कुणाची खरी माहिती वापरू नका. 'जनरेट सिरीज' या सोयीनं एका कमांडमध्ये दहा लाख नोंदी भरता येतात.

मग एका सभासदाचं वर्षाचं बिल काढा. वेळ किती लागला ते लिहा. 'एक्सप्लेन' लावून बघा, क्वेरी सगळं टेबल चाळतेय का. योग्य कॉलमवर इंडेक्स टाका, पुन्हा वेळ मोजा. फरक बघून अंगावर काटा येतो, खरंच.

दोन वापरकर्ते करा. संकलन लिहिणाऱ्याला दर बदलता येऊ नये. सचिवाला बिल दिसावं, पण जुनी नोंद पुसता येऊ नये. जमतंय का बघा.

आता बॅकअप घ्या आणि सगळा डेटाबेस उडवून टाका. हो, खरंच उडवा. घड्याळ लावा आणि परत उभा करा. सगळ्या नोंदी आल्या का, मोजा. ते जमलं की पुढची पायरी. सकाळी बॅकअप घेतला, दुपारी तीनला कुणीतरी टेबल पुसलं, तर दोन एकोणसाठपर्यंतचं सगळं परत आणून दाखवा. याला 'पॉइंट इन टाइम रिकव्हरी' म्हणतात. पहिल्या दिवशी जमणार नाही. आठवडा घालवा.

हे करताना दोन शब्द भेटतील. आरपीओ म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर चालेल. आरटीओ म्हणजे किती वेळात परत चालू व्हायला हवं. (हे आरटीओ एमएच-०९ वालं नव्हे!) गिटलॅबचे सहा तास गेले. तुमच्या काल्पनिक दूध संस्थेचे किती गेलेले चालतील? हा प्रश्न स्वतःला विचारता येऊ लागला की तुम्ही विद्यार्थ्यासारखा विचार सोडून राखणदारासारखा विचार करायला लागलात.

प्रत्येक वेळी काय केलं, काय बिघडलं, कसं सोडवलं हे लिहून ठेवा. मुलाखतीत ही वही उघडता आली तर सर्टिफिकेट नसलेल्या पोराचंही बोलणं ऐकून घेतलं जाईल, असं मला वाटतं. आणि ही वही भरल्यावर परीक्षा दिलीत तर अभ्यास निम्मा झालेला असेल.

'स्थिर' म्हणजे काय ते ठरवा

आता थोडं कडू. फ्रेशरला थेट डीबीए म्हणून घेणाऱ्या जागा कमीच असतात. कारण साधं आहे. ज्या तिजोरीत कंपनीचा जीव आहे, तिची किल्ली काल आलेल्या पोराकडं कोण देईल? बहुतेकांची सुरुवात ॲप्लिकेशन सपोर्ट, एसक्यूएल डेव्हलपर, रिपोर्ट बनवणं अशा कामांतून होते. नाइट शिफ्ट असते. रात्री दोनला फोन येतो आणि दिवाळीतही येतो. घरच्यांना 'दहा ते पाचची सेफ नोकरी' असं सांगून निघणार असाल, तर आधीच खरं सांगा.

दुसरं, 'आपल्या जिल्ह्यात एवढ्या सहकारी बँका आहेत, तिथं लागेल की' हा हिशोब पूर्ण बरोबर नाही. अनेक छोट्या बँकांची यंत्रणा बाहेरची कंपनी चालवते. जुलै २०२४ च्या अखेरीला सी-एज या अशाच कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार काही काळ अडकले. म्हणजे बँक गावात असली तरी तिचा डेटाबेस सांभाळणारा माणूस दुसऱ्या शहरात असू शकतो. नोकरी शोधताना बँकेच्या दाराबरोबर तिच्या सेवा पुरवठादाराचंही दार ठोठवा. त्याच वेळी हेही खरं की जबाबदारी वाढतेय. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी टप्प्याटप्प्याची सायबर सुरक्षा चौकट आणली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर माहितीची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. डेटा सांभाळणारा विश्वासू माणूस शोधायला संस्थांना आता कारण मिळालंय.

तिसरं, सरकारी बँकेचं स्वप्न असेल तर वाटच वेगळी. आयबीपीएसच्या आयटी ऑफिसर पदासाठी ओरॅकल-मायक्रोसॉफ्टचा कागद मागत नाहीत. चार वर्षांची इंजिनीअरिंग पदवी, किंवा एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी, किंवा पदवीसोबत 'डोएक'ची बी लेव्हल मागतात. नुसत्या बीसीएस-बीसीएवर ते दार उघडत नाही. हे माहीत नसल्यानं सर्टिफिकेटवर पैसे घालणारा आणि पुढच्या शिक्षणाला पैसे उरले नाहीत म्हणणारा कुणी तुमच्या वर्गात असेल तर त्याला हा परिच्छेद दाखवा.

चौथं, यंत्रं काम खाणारच. ओरॅकलनं २०१७ मध्येच स्वतःला स्वतः सांभाळणारा 'ऑटोनॉमस' डेटाबेस जाहीर केला. पॅच लावणं, रोजचा बॅकअप ही कामं क्लाऊड करतोय. उद्या अजून करेल. पण कुठला डेटा किती मोलाचा, कुणाला काय दिसू द्यायचं, बिल एवढं का वाढलं, आणि रात्री दोनला हे चालू करायचं की थांबवायचं, हा निर्णय घेणारा आणि त्याची जबाबदारी अंगावर घेणारा माणूस लागतोच. ज्याला फक्त बटणं पाठ आहेत त्याची नोकरी जाईल. ज्याला बटणामागचं कळतं त्याला कामं बदलून मिळतील. मला तर स्थिर करिअरचा अर्थ एवढाच दिसतो. एकाच खुर्चीवर तीस वर्षं बसणं हा अर्थ आईवडिलांच्या पिढीचा होता. आपल्या पिढीला खुर्ची बदलली तरी पोट भरेल अशी विद्या लागणार आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'ओरॅकल की मायक्रोसॉफ्ट' विचारलं तर त्याला उलट विचारा, "तू कधी उडालेला डेटाबेस परत उभा केलायस का?" नाही म्हणाला तर त्याला घेऊन बसा. या शनिवारी दोघं मिळून एक उडवा आणि रविवार संध्याकाळपर्यंत उभा करा. जमलं तर परीक्षेच्या फीबद्दल सोमवारी बोलू. नाही जमलं तर अजून एक शनिवार. फीचे पैसे तोवर घरातच आहेत, कुठं पळून जात नाहीत.